खाटकाचे हात

मटणाच्या आणि चिकनच्या दुकानांत काम करणारी माणसं ठाकूरद्वारच्या माझ्या दवाखान्यात येतात ती बरेचदा दुखणं घेऊन नव्हे, तर एका कागदासाठी. खाण्याचे पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत तशी तरतूद आहे. त्वचा बघायची, डोळे बघायचे, विषमज्वराच्या गटातल्या रोगांच्या लसी घेतल्यात का ते विचारायचं, आणि या माणसाला संसर्गजन्य रोग नाही असं लिहून खाली सही-शिक्का द्यायचा. सही करताना दरवेळी मनात येतं, हा कागद गिऱ्हाइकासाठी आहे. या माणसाकडून मटणाला काही लागणार नाही ना, एवढंच तो विचारतो. त्या मटणाकडून, त्याहीपेक्षा कापायच्या आधीच्या जिवंत जनावराकडून, या माणसाला काय लागेल, हा प्रश्न त्यात नाही.

कत्तलखान्यातही तेच. मुंबईचा कत्तलखाना पूर्वी वांद्र्याला होता, १९७१ साली तो देवनारला गेला. तिथे पशुवैद्यक कापण्याआधी जनावर उभं तपासतात, कापल्यावर काळीज, फुप्फुसं, गाठी चिरून बघतात, आणि मग धडावर शिक्का बसतो. तो शिक्का हवाच. त्याच्या जोरावर आपण निर्धास्तपणे मटण आणतो. पण तोही खाणाऱ्यासाठीच आहे.

विषाणूंच्या बाबतीत मात्र खाणाऱ्याला धोका सर्वांत कमी आणि कापणाऱ्याला सर्वांत जास्त. मटण आपण शिजवून खातो, तेही चांगलं रटरटवून. त्या उष्णतेत हे विषाणू टिकत नाहीत. पण कुकरची शिट्टी व्हायच्या कितीतरी आधी त्या जनावराची लाळ, रक्त, मूत्र, खपल्या, पिसं हे सगळं कुणाच्या तरी उघड्या हातांवरून गेलेलं असतं. इतकी वर्षं हे हात बघून माझं मत पक्कं झालंय, की मांसाच्या धंद्यातली आपली सगळी काळजी ताटाची आहे, हातांची कुणीच घेत नाही.

आमचा भाग खाण्याच्या बाबतीत दोन टोकांचा. भुलेश्वरकडे तोंड केलं तर कांदा-लसूणही न चालणारी घरं. गिरगावाकडे वळलं तर पाठारे प्रभू, सीकेपी, सारस्वत, कोकणातून आलेले चाळकरी, आणि खोताच्या वाडीतली, कावेल-दाबूळची ख्रिस्ती कुटुंबं. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग असते. गटारीला ती रस्त्यावर येते. मग श्रावण लागतो, धंदा बसतो, आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी घेऊन दुकानातले लोक दवाखान्याची पायरी चढतात. या विषयातलं माझं बरंचसं शिक्षण श्रावणातच झालंय.

त्यातलं एक मी विसरणार नाही. पन्नाशी ओलांडलेले एक मटणवाले, मूळ साताऱ्याकडचे, उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळून आले. "बाई, गोळ्यांचा कोर्स झाला, इंजेक्शनं झाली, ह्ये काय बसंना," म्हणाले. फडकं सोडलं. नखाच्या बाजूला दीड-दोन सेंटिमीटरचा फोड. मधे लालभडक, भोवती पांढुरकं कडं, त्याच्या बाहेर पुन्हा लाल. वरून ओलसर. दिसायला भयंकर, पण दाबला तर पू नाही, आणि दिसतो तेवढा दुखतही नव्हता. काखेत अवधाण आलं होतं. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी हे गळू आहे, चिरून टाकू, असं सांगितलं होतं आणि चिरायचा दिवसही ठरला होता.

गेल्या आठ-दहा दिवसांत माल कसा होता, असं मी विचारलं. ते लगेच म्हणाले, "एका लॉटमधल्या बोकडांच्या तोंडाला खपल्या हुत्या. मावा म्हनत्यात त्याला. पन त्यानं मटण काय खराब होत नाय बाई." अंगठा बोकडाच्या तोंडाशी कसा गेला, तेही त्यांनी हवेत हात धरून दाखवलं. बोकड घेताना वय दातांवरून ठरतं. डाव्या हातानं मान धरायची, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ उलटा करायचा आणि पुढचे दात बघायचे : दुधाचे आहेत, की दोन दाती आहे, की चार दाती. माव्याच्या खपल्या येतात त्या नेमक्या ओठांवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत. शिवाय त्या अंगठ्याला हाडाची कपची लागून बारीकशी चीर पडलेली होती. विषाणूला आणखी काय हवं?

म्हणजे रोगाचा पत्ता दवाखान्यात शिरतानाच त्यांच्या खिशात होता. मावा बोकडाला होतो हे त्यांना माहीत होतं, माणसालाही होतो हे माहीत नव्हतं. आणि ज्यांनी अंगठा बघितला त्यांनी बोकडाची चौकशीच केली नव्हती.

वैद्यकात याला ऑर्फ म्हणतात. देवीच्या विषाणूच्या मोठ्या कुळातला हा विषाणू. लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांत लाल ठिपका उठतो, मग ते कडं दिसतं, मग तो ओला होतो, सुकतो, वर खरखरीत वाढ येते आणि पाच-सहा आठवड्यांत सगळं आपोआप झडून जातं. बहुतेकदा वणही राहत नाही. वरून दुसरा जंतू शिरला नसेल तर प्रतिजैविकांचा काही उपयोग नाही. चिरलं तर बरं व्हायला उलट उशीर लागतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही, पण एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. कोरड्या जागेत पडलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली आहे त्याच्या अंगावर मात्र हा साधा फोड वाढत जाऊ शकतो.

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या एका स्नेह्याला मी फोन केला. त्यानं वर्णन ऐकूनच हो म्हटलं, आणि वर एक बजावलं : खाटकाच्या हातावरचा प्रत्येक फोड मावा समजू नका, जनावरांच्या फाशी रोगानं माणसाला होणारी काळपुळीही हातावरच येते. ती जंतूंची, अँथ्रॅक्सची. तिला लगेच औषध द्यावं लागतं, थांबलं तर जीव जातो. मधला भाग काळा पडलाय का, भोवती सूज किती आहे, ताप आहे का, हे बघितल्याशिवाय मी तेव्हापासून कुणाला घरी सोडत नाही. ते महाविद्यालय १८८६ चं. माणसांचं केईएम रुग्णालय १९२६ चं. हाफकिन संस्थाही तिथलीच. तिन्ही परळची, आणि तरी माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एकमेकांशी बोलतात ते ओळख असली तरच. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्या मटणवाल्यांना मी चिरू दिलं नाही. अंगठा धुऊन कोरडा झाकून ठेवा म्हटलं, आणि दुकानात मुंडी-पाय कोण साफ करतं ते विचारलं. त्यांचा पुतण्या. त्याला बोलावून घेतलं तर त्याच्याही दोन बोटांवर सुकत आलेले तसेच फोड. तो आपण होऊन कधीच आला नसता. बोकडाचं आहे, जाईल आपोआप, एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण घरात तान्हं मूल होतं, आणि तो त्याच हातांनी त्याला घेत होता. ओला फोड असेपर्यंत बाळाला घ्यायचं नाही, टॉवेल वेगळा ठेवायचा, हे त्याला कुणीतरी सांगणं भाग होतं.

हातावरचं सगळंच जनावराकडून येतं असंही नाही. मटणवाल्यांच्या बोटांवर चामखिळींचे घोस येतात. धंद्यातले लोक ते मांसाचं समजतात, बरेच डॉक्टरही समजत. ज्या विषाणूमुळे त्या जास्त करून होतात, तो सातव्या प्रकारचा पॅपिलोमा विषाणू, माणसाचाच आहे. दिवसभर ओले, गार, कापलेले हात त्याला सोयीचे पडतात. म्हणजे दोष बोकडाचा नसला तरी कामाचा आहेच.

चिकनच्या दुकानाची तऱ्हा निराळी. तिथे दुकान हाच कत्तलखाना. पुढे पिंजरे, मागे ओटा, बाजूला ड्रम, वर माळा. मान कापलेली कोंबडी ड्रममध्ये फडफडते तेव्हा रक्ताचे आणि पिसांचे शिंतोडे तोंडापर्यंत येतात. मग कातडी पिसांसकट हातानं ओढून काढतात. हे दिवसभर करणारा मुलगा रात्री पिंजऱ्यांवरच्या त्याच माळ्यावर झोपतो. असा एक मुलगा एकदा लाल, पाणावलेला डोळा घेऊन आला. गावात डोळे आल्याची साथ नव्हती. आठवडाभरापूर्वी आलेल्या मालातल्या बऱ्याच कोंबड्या माना वाकड्या करून मेल्या होत्या, असं त्यानं विचारल्यावर सांगितलं. ही खूण राणीखेतची, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. कोंबड्यांचे खुराडेच्या खुराडे तो विषाणू रिकामे करतो, माणसाला मात्र बहुधा डोळे येण्यावर भागतं. तपासून सिद्ध करायची सोय माझ्याकडे नव्हती. तो बरा झाला. पण तापाबरोबर असा डोळा आला तर एक मिनिटही न दवडता मला कळव, असं मी त्याला बजावून ठेवलं, कारण कोंबड्यांकडून येणारं सगळंच इतकं सौम्य नसतं.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. एच५एन१ हा विषाणू भारतात सापडल्याची ती पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. ताप असलेल्या माणसांना वेगळं ठेवून त्यांचे नमुने तपासले, त्यांत लागण निघाली नाही. इकडे गिरगावात चिकनची दुकानं ओस पडली. दवाखान्यात येणारा जो तो मला विचारायचा, "डॉक्टर, चिकन खाल्लं तर चालेल ना?" कापणाऱ्या मुलांचं काय, असं एकानंही विचारलं नाही. ही मुलं तर मालकानं रोज बंद केला म्हणून गावी निघून गेली, बरोबर काही लागण नेत आहेत का हे कुणी न बघताच.

हाँगकाँगला १९९७ मध्ये हाच विषाणू पहिल्यांदा माणसात शिरला तेव्हा १८ जणांना लागण झाली आणि ६ दगावले. नंतर तिथल्या कोंबडीबाजारात काम करणाऱ्यांचं रक्त तपासलं, तर साधारण दहातल्या एकाच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या. म्हणजे रुग्णालयात पोचले त्यांच्या मागे न पोचलेले कितीतरी होते. २०२४ मध्ये अमेरिकेत हा विषाणू दुभत्या गाईंमध्ये पसरला. ज्यांना लागण झाली त्यांत बहुतेक गोठ्यांतले आणि कोंबड्यांच्या शेडमधले मजूर, आणि पुष्कळांचं पहिलं लक्षण लाल डोळा हेच. त्या जुलैत कोलोरॅडोमध्ये आजारी कोंबड्या मारण्याच्या कामावरच्या मजुरांना एकामागून एक लागण झाली, तेव्हा कारण शोधायला गेलेल्यांना दिसलं की शेडमध्ये उष्मा ४० अंशांच्या वर होता, मोठाले पंखे पिसं आणि धूळ उडवत होते, आणि त्या घामात मास्क-चष्मा तोंडावर राहतच नव्हता. दिला होता, पण घालवत नव्हता. मे महिन्यातलं आमच्याकडचं चिकनचं दुकान ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती क्रिमियन-काँगो तापाची. तो गोचिडांमधून पसरतो. गोचीड चावलेल्या बकऱ्याच्या, गाई-म्हशीच्या रक्तात विषाणू साधारण आठवडाभर असतो, आणि एवढ्या काळात जनावर आजारी दिसतच नाही. कितीही डोळस पशुवैद्यक असो, उभं जनावर बघून त्याला ते कळणार नाही. कापणाऱ्याच्या हाताला ताजं रक्त लागतं, कातडी सोलताना गोचिडी अंगावर येतात, आणि नखानं गोचीड चिरडायची सवय तर सगळ्यांनाच. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कस्तानात हा रोग वर्षानुवर्षं आहे. आपल्याकडे तो जानेवारी २०११ मध्ये समोर आला, अहमदाबाद जिल्ह्यात साणंदजवळच्या कोलाट गावात. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं केलं. त्यात रोगी स्त्री गेली, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, आणि परिचारिकाही गेली. हे वाचलं तेव्हापासून खाटकाची आणि माझी जोखीम मला वेगळी वाटत नाही. रक्त त्याच्याही हाताला लागतं, माझ्याही.

मुंबईच्या खाटकांत हा ताप पसरलाय असं मी मुळीच म्हणत नाही. पण बकरी ईदच्या आधी देवनारला राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून लाखांच्या संख्येनं बकरे येतात. २०२० मध्ये गुजरातेत रोगी सापडले तेव्हा शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या प्रशासनानं सावधगिरीचा इशारा दिला होता. तेव्हा ईदनंतरच्या दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी आणि हिरड्यांतून रक्त घेऊन कुणी आलं, तर डेंग्यूची तपासणी लिहितानाच बकरा कुणी कापला हे विचारायला काय हरकत आहे?

विचारलं की काय होतं आणि न विचारलं की काय होतं, हे मलेशिया आणि सिंगापूरनं दाखवून दिलंय. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरं पाळणाऱ्यांना मेंदूज्वर होऊ लागला. सुरुवातीला तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर समजला गेला, फवारण्या झाल्या, लसी टोचल्या, माणसं मरत राहिली. तो निपाह होता. शंभरावर माणसं दगावली. मार्च १९९९ मध्ये सिंगापूरच्या कत्तलखान्यातल्या ११ कामगारांना तो झाला, एक गेला. ही माणसं एकाच कामावरची आहेत हे तिथे चटकन ध्यानात आलं, मलेशियातून डुकरं आणणं थांबलं, आणि साथ तिथेच अडली. आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्येही निपाहच्या खुणा पुण्याच्या संस्थेला सापडल्या आहेत. घाबरायचं कारण नाही, पण दूरचं म्हणून सोडून द्यायचंही कारण नाही.

हे सगळं लिहिताना मला एक काळजी सतत आहे. खाटीक आणि कुरेशी समाजाकडे आधीच नाक मुरडून बघितलं जातं. अफवा उठली की पहिली वीट यांच्याच चुलीची पडते. २००९ मध्ये स्वाइन फ्लू पुण्या-मुंबईत माणसाकडून माणसाला पसरत होता, आणि इकडे पोर्क विकणाऱ्याकडे लोक फिरकेनासे झाले. २०२२ मध्ये गुरांना लम्पी झाला, तो माणसाला होत नाही, तरी दुधाची आणि मटणाची भीती घातली गेलीच. म्हणून मी पुन्हा सांगते, शिजवलेल्या मटणानं यातलं काही होत नाही आणि खाटकाशेजारी बसल्यानंही होत नाही. धोका आहे तो त्यालाच, आपल्यासाठी काम करताना. लोक बिचकतील म्हणून गप्प बसायचं, तर त्या गप्प बसण्याची किंमतही तोच मोजतो.

करायचं काय, हे मला या लोकांनीच शिकवलं. सुरुवातीला मी सगळ्यांना रबरी हातमोजे घाला म्हणत असे. "बाई, मोज्यात सुरी निसटती," हे उत्तर यायचं, आणि सुरी निसटली तर बोट जातं. मग तोड निघाली : सुरीचा हात उघडा, धरायच्या हातावर जाळीचा, न कापला जाणारा मोजा. बोकडाचा ओठ उलटायचा तो मोजा घालून, तोंडाला खपल्या असतील तर बाजूला काढून. कपची लागली की हात तिथेच साबणानं धुवायचा, पट्टी लावायची, मग पुढचा तुकडा. गोचीड चिरडायची नाही. कुत्रा चावलेलं किंवा पिसाळल्यासारखं वागणारं जनावर कापायचं नाही, आणि कापलंच असेल, विशेषतः मुंडी फोडून भेजा काढला असेल, तर त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी यायचं. चिकनवाल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी असंही मी सांगते. ती बर्ड फ्लू थांबवत नाही, पण माणसाचा फ्लू आणि कोंबडीचा फ्लू एकाच शरीरात भेटून तिसराच विषाणू तयार होण्याची शक्यता कमी करते. किती जण ऐकतात? जाळीचा मोजा रुळतोय. लस अजून नाही.

कायदा मात्र या माणसांच्या बाजूनं फार आधीपासून उभा आहे. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती. जनावरं, त्यांची धडं किंवा धडांचे भाग हाताळणाऱ्या कामातून झालेला संसर्गजन्य रोग तिच्या पहिल्याच भागात होता. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी आली आहे. पण भरपाई मागायला रोगाचं नाव लागतं, आणि ते कामाशी जोडणारी डॉक्टरची ओळ लागते. ती ओळ केसपेपरवर नसेल तर कायद्यातलं कलम त्या माणसाच्या काही कामाचं नाही. रोग्याला तू काय काम करतोस हे विचारा, असं इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरानं १७०० साली लिहून ठेवलंय. माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे, की वयाच्या शेजारी कामाचा एक रकाना छापून घ्या, आणि तंदुरुस्तीच्या कागदावर सही करण्याआधी समोरच्या माणसाचे दोन्ही हात, दोन्ही बाजूंनी, उजेडात बघा.

आणि गिऱ्हाइकांना एवढंच. रविवारी मटण घेताना तुमच्या मटणवाल्याच्या बोटावर न भरणारा फोड दिसला, तर दुकान बदलू नका. त्याला डॉक्टरकडे पाठवा, आणि तिथे गेल्यावर "मी जनावरं कापतो" हे सगळ्यांत आधी सांग, असं सांगून पाठवा.